मोहाखालचा चौथा डबा

होळी जवळ आली की मी नागपूरहून बालाघाटला जाते, आणि दरवर्षी गाडीच्या काचेवरून नवऱ्याशी भांडते. तो म्हणतो, धूळ येते, एसी चालू आहे. मी म्हणते, येऊ दे धूळ. महाराष्ट्राची हद्द संपून झाडं दाटायला लागली की तो वास आत शिरतो. गोड, जड, किंचित आंबूस. कुणाला वेड लावेल, कुणाचं डोकं उठवेल असा. मोहाची फुलं गळायला लागलेली असतात. नवरा नाकाला रुमाल लावतो, मुलगी 'ई' करते, आणि मी मात्र एव्हाना वीस वर्षं मागे गेलेली असते. हातात चौकटीची वही, पायात बाबांचे कॅनव्हासचे बूट. दोन नंबर मोठे, म्हणून पुढे कापूस कोंबलेले.

त्या मार्चइतकी मी आयुष्यात पुन्हा कधी पळले नाही. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. बी.एस्सी. होऊन वर्ष झालं होतं आणि घरी बसून मी शेजारच्या पोरांना गणित शिकवत होते. गणित शिकवण्यात वाईट काही नाही, पण तेच ते त्रिकोण चौथ्यांदा काढताना माणसाला खिडकीबाहेर बघावंसं वाटतंच.

सुरुवात दिवाळीत झाली. अभय आला होता. अभय म्हणजे माझा चुलतभाऊ, पुण्याला कंप्युटरच्या नोकरीत. त्याने फराळाच्या ताटाशेजारी साबणदाणीएवढं एक पिवळं यंत्र ठेवलं आणि सांगितलं की हे आकाशातल्या उपग्रहांना विचारतं आणि आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत ते दाखवतं.

आई चकली मोडत म्हणाली, "आपण बालाघाटले आहो. हे सांगाले आकाशात काहून जा लागते?"

बाबा हसले नाहीत. बाबा तीस वर्षं महसूल खात्यात होते, आरआय म्हणजे महसूल निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. जमिनी मोजणं, हद्दी काढून देणं, नकाशाच्या शीटवर रेघ ओढणं हेच त्यांनी जन्मभर केलं होतं. ते यंत्र त्यांनी हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि संशयाने परत ठेवलं. "पाच-दहा मीटर चुकते म्हणे. पाच मीटरात त आमच्या इकडे डोस्के फुटते," ते म्हणाले.

मग अभयने तो खेळ सांगितला. लोक जगभर डबे लपवतात, त्यांचे अक्षांश-रेखांश जाहीर करतात आणि दुसरे लोक ते शोधत जातात. डबा सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं आणि तो होता तसा ठेवून यायचं.

"अन् खजिना?" मी विचारलं.

"खजिना नाही. वही."

"म्हंजे मुआयना बुक," बाबा म्हणाले. साहेब पाहणीला आला की सही करून जातो ते पुस्तक. बाबांना एकदम त्यात काहीतरी ओळखीचं दिसलं असावं.

अभय म्हणाला, "मोठेबाबा, मार्चमध्ये मी आणि दोन मित्र कान्ह्याच्या जंगलात चाललोय. वाटेत एक दिवस इथे थांबतो. रजूला आमच्यासाठी असा एक शोध रचू द्या. पाच टप्प्यांचा. एका डब्यातलं कोडं सुटलं की दुसऱ्याचा पत्ता मिळाला पाहिजे." आणि माझ्याकडे वळून, "सोपं केलंस ना, तर बघ!" यंत्र तो माझ्याकडे ठेवून गेला.

आता इथे फॉर्मबद्दल सांगायला हवं, कारण त्या मार्चमधली माझी सगळी पळापळ त्या फॉर्मसाठी होती. हैदराबादला मोजणी आणि नकाशे शिकवणारा एक वर्षाचा कोर्स होता. जाहिरात मी पेपरातून कापून ठेवली होती, फॉर्म मागवला होता, भरलाही होता. पालकांच्या सहीची जागा तेवढी रिकामी होती. मार्चअखेर तो पोचायला हवा होता. बाबांपुढे ठेवला की ते चष्मा काढून पुसायला घेत.

"फील्डवर पोरीले कोण पाठवते?" ते म्हणत. "मी राह्यलो आहो फील्डवर. मले माहीत आहे. नकाशा काढनं म्हंजे घरी बसून रांगोळी काढनं नाई, बाई."

"मले रांगोळी येतही नाही," मी म्हणे. हे खरं होतं, पण त्याचा उपयोग नव्हता.

शेवटी संक्रांतीच्या सुमाराला तेच म्हणाले, "असं कर. तो अभयचा खेळ रच. ती येनारी तीन मानसं, कोनाले न इचारता, फक्त तुह्या लिहिन्यावर पाचव्या डब्यापावतो पोचली, त मी सही करतो. नाई पोचली त पुन्हा फारमाचं नाव काढाचं नाई. मंजूर?"

मी "मंजूर" म्हणाले तेव्हा माझा आवाज चिरकला होता. आई आतून ओरडली, "डब्बे माह्ये नेजो नको!" तोवर मी तिचे पाच स्टीलचे डबे मनातल्या मनात निवडले होते. कडीचा, हळदीचा, तिच्या माहेरून आलेला चपटा, आणि झाकण घट्ट बसणारे दोन.

लपवणं ही मोठी मजेची गोष्ट आहे, पण ती मजा लहान पोरांच्या लपाछपीतली नव्हे. लपाछपीत आपण सापडू नये असं वाटतं. इथे सापडायला हवं असतं. कोडं घालणाऱ्याला आतून सारखं वाटत असतं की समोरच्याने हरू नये; फक्त जिंकण्याआधी त्याने जरा डोकं खाजवावं, दोनदा चुकीच्या वाटेला जावं, मग कपाळावर हात मारून घ्यावा. आपण हरण्यासाठीच सगळी मेहनत करतो. मला हे तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं. पण रोज सकाळी उठल्याबरोबर मी त्या येणाऱ्या तिघांच्या डोक्यात शिरून चालायला लागत असे. इथे ते डावीकडे बघतील. इथे त्यांना तहान लागेल. इथे त्यांच्यातला एक जण म्हणेल, छे, हे नसणार. दात घासताना, भाजी निवडताना, पोरांच्या वह्या तपासताना मी त्या तिघांबरोबर फिरत होते. एकदा एका पोराच्या उत्तरपत्रिकेत मी चक्क अक्षांश लिहून ठेवला.

पहिलं कोडं छोट्या गाडीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या स्टेशनावर होतं. 'जिथे गाव आपली उंची स्वतःच सांगतं तिथे जा.' स्टेशनाच्या पिवळ्या पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. रोज हजार माणसं तिच्यासमोर उभी राहतात आणि एकही वाचत नाही. त्या आकड्यांतून दुसऱ्या डब्याचा पत्ता निघायचा, तो वैनगंगेच्या घाटावर. तिथे मी पायऱ्या मोजून एक झक्क गणित केलं होतं. बाबा सोबत आले होते, 'नुसतं पाहाले'. त्यांनी गणित वाचलं आणि पाण्याकडे बोट दाखवलं.

"मार्चपावतो पानी उतरन. चार पायऱ्या वर येईन. मंग तुह्ये पावने जाईन कोठी?"

मी गणित खोडलं. पुलाचे खांब मोजायला घेतले. ते वाढत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा बाबाच आधी बूट घालून ओसरीत उभे होते. माझ्यासाठी त्यांनी जुना जोड काढून ठेवला होता.

त्यानंतरचे पंधरा दिवस म्हणजे नुसती धमाल. बैहरची बस, खिडकीतली जागा, मांडीवर शीट, वर यंत्र. बाबांना आपलं पाऊल किती इंचांचं आहे हे पक्कं ठाऊक होतं. ते पावलांनी अंतर काढत, मी यंत्राने. मग दोघं आकडे ताडून बघायचो. दाट झाडीत यंत्र बावचळायचं. आपण जागच्या जागी उभे असताना तेच वीस मीटर चालून यायचं. बाबा तेव्हा इतके खूश व्हायचे की बस! "तुह्या उपग्रहाले म्हना, खाली येऊन पाहा," असं वर बघून सांगायचे. रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. एक रिटायर साहेब मान वर करून आकाशाला दटावतोय आणि त्याची लेक पोट धरून हसतेय. मी बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं. घरी आमच्यात कामापुरतं बोलणं असे. रस्त्यावर मात्र ते मला सगळं सांगत सुटले. पक्क्या मोजणीचा दगड कसा ओळखायचा, त्याला आमच्याकडे चांदा म्हणतात. झाडाची सावली धरून दिशा कशी काढायची. उताराचं अंतर नकाशात का धरत नाहीत. मी सगळं वहीत टिपत होते. हैदराबादचं नाव दोघंही काढत नव्हतो.

हल्ली माझी मुलगी मैत्रिणीकडे जाताना म्हणते, "आई, लोकेशन आलंय," आणि बाण जिकडे नेईल तिकडे जाते. पोचते बरोबर. पण वाटेत काय होतं असं विचारलं तर तिला सांगता येत नाही. मी तिला नावं ठेवत नाही, मीही तेच करते. फक्त कधीकधी मला त्या पिवळ्या यंत्राची आठवण येते. ते इतकं चुकायचं की आपल्याला डोळे उघडे ठेवावेच लागायचे.

तिसरा डबा गांगुलपाऱ्याच्या तलावाजवळ, रस्त्याकडेच्या एका मैलाच्या दगडामागे. दगडावर बैहर किती आणि उकवा किती ते लिहिलेलं. वजाबाकी केली की पुढचा आकडा. पाचवा, शेवटचा, उकव्याच्या अलीकडे. तिथे मँगनीजच्या खाणींमुळे काळे दगड सगळीकडे पडलेले असतात. मी साध्या काळ्या पडलेल्या दगडांची एक रास केली आणि तीत एकच खरा मँगनीजचा दगड ठेवला. दिसायला सारखा, पण उचलला की मनगट खाली जावं इतका जड. त्याच्याखाली डबा. चौथ्या डब्यात त्या जागेचे आकडे आणि 'डोळ्यांवर विश्वास ठेवू नका' एवढंच कोडं. हे सुचलं त्या दिवशी मी बसमधून उतरेपर्यंत जागेवर उड्या मारत होते.

राहिला चौथा. तो बाबांनी निवडला. त्यांच्या शीटवर उकव्याच्या वाटेवर, एका छोट्या गावाच्या बाहेर, एकच मोठं मोहाचं झाड दाखवलेलं होतं. शेजारी चांदा. जागा सरकारी, पडीत. बाबांनी तीस वर्षांपूर्वी स्वतः तिथे मोजणीची साखळी टाकली होती. आम्ही गेलो तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता, मोहाने पानं टाकली होती आणि बुंध्याभोवती घोट्यापर्यंत पाचोळा होता. मुळाशी एक खोबण, डबा बसेल अगदी अशी. मी खूश. तरी गावाकडे बघून म्हणाले, "बाबा, गावात एकदा विचारून घेऊ का? कोणाचं झाड असलं तर?"

बाबा उभ्या उभ्या हसले. "कोनाचं राहीन? सरकारी जागा आहे. शीटवर आहे ना! सरकारी जागेवर डब्बा ठेवाले कोनाले इचाराचं? परवानगी त मीच देत होतो लोकायले."

मी पुन्हा एकदा विचारलं. त्यांचा आवाज चढला तेव्हा गप्प बसले. शर्त त्यांची होती, सही त्यांची होती. डबा खोबणीत ठेवला, वर पाचोळा सारला.

मार्चचा तिसरा रविवार. अभय, त्याचा एक अबोल मित्र आणि चारू नावाची मुलगी, पाठीला पिशवी, पायात मातीने भरलेले जाड बूट. हे बूट घालून ती एकटी डोंगर फिरते, असं अभय कौतुकाने सांगत होता. बाबांनी त्या बुटांकडे बराच वेळ पाहिलं. भाड्याची कमांडर जीप होती. आम्ही दोघं मागच्या बाकावर, तोंडाला कुलूप लावून. मी बाबांचा हात धरला होता की त्यांनी माझा, आता आठवत नाही.

स्टेशनावर तिघं दहा मिनिटं वेळापत्रकाच्या फळ्यासमोर झगडली. मी ओठ चावत होते. मग चारूने मागे वळून पाटी पाहिली आणि इतक्या मोठ्याने किंचाळली की हमाल उठून बसला. घाटावर तिघांनी खांब मोजले, तिघांचे तीन आकडे आले, पुन्हा मोजले. गांगुलपाऱ्याच्या दगडाजवळ अबोल मित्राने तोंड उघडलं आणि मनातल्या मनात वजाबाकी करून एका दमात पत्ता सांगितला. माझं कोडं, माझे आकडे, आणि ही तीन माणसं मी कल्पनेत चालवली होती अगदी तशीच चालत होती! जिथे थबकतील वाटलं तिथे थबकत होती. मला वाटलं, आता हैदराबाद म्हणजे जवळच.

मोहाजवळ जीप थांबली आणि मी उतरताच जागच्या जागी उभी राहिले.

जमीन काळी होती. पाचोळ्याचं एक पान उरलं नव्हतं. बुंध्याभोवती मोठं गोल अंगण असावं तसं सगळं झाडून, जाळून स्वच्छ केलेलं, आणि त्या काळ्या राखेवर मोहाची फिकट पिवळी फुलं टपटपत होती. एक म्हातारी टोपली घेऊन वेचत होती. खोबण रिकामी. डबा नाही.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि बाबांनाही ठाऊक नव्हतं, की मोह गळायच्या आधी झाडाखालचा पाचोळा जाळतात, म्हणजे फूल दिसतं आणि वेचता येतं. बाबांची मोजणी थंडीत व्हायची. मार्चमध्ये ते कायम कचेरीत, मार्चअखेरच्या कागदांत बुडालेले. तीस वर्षांत त्यांनी ते झाड शंभरदा पाहिलं असेल, पण फुलं गळताना एकदाही नाही.

तिघांनी दहा मिनिटं शोधलं. यंत्र म्हणत होतं, इथेच. मग चारू म्हातारीजवळ उकिडवी बसली आणि हिंदीत विचारलं, इथे एक डबा होता, पाहिला का?

झालं. त्यांनी विचारलं. शर्त गेली. मी बाबांकडे बघायचं धाडस केलं नाही.

म्हातारी उठली. "चलो," म्हणाली, आणि आम्हा सगळ्यांना मागे घेऊन गावातल्या आपल्या घराकडे निघाली. तिचं नाव समारोबाई. अंगणात मोह वाळत घातलेला होता, कडेचा तपकिरी झालेला, मधला अजून ओला. आतून तिने डबा आणला. झाकण तसंच.

"खोला नहीं. दूसरे का है."

अभयने आनंदाने डबा घेतला, पण ती थांबली नव्हती. "किसने रखा था?"

तिघांनी वळून आमच्याकडे पाहिलं.

"वो मेरी सास का झाड था, अब मेरा है. पूरा गाँव जानता है. डब्बा दिखा तो मैंने दो दिन आग नहीं लगाई. सोचा, जिसका है वो लेने आएगा. दो दिन का फूल पत्ते में सड़ गया."

मी पुढे होऊन बोलणार तेवढ्यात बाबा पुढे झाले. आरआय साहेब, ज्यांच्यापुढे गावं उभी राहायची, ते एका म्हातारीसमोर हात जोडून उभे राहिले.

"गलती मेरी है, बाई. मैं समझा झाड सरकारी है. मेरी लड़की ने कहा था पहले गाँव में पूछो. मैंने नहीं पूछने दिया."

समारोबाईने त्यांना पाहिलं, मग मला. राग तिचा उतरला होता की नाही, कळेना. मागे अभय आणि चारू कोड्यावर वाकले होते, आकडे उकव्याच्या खाणींकडे नेतात हे यंत्रावर बघून 'डोळ्यांवर विश्वास ठेवू नका' पुन्हा पुन्हा वाचत होते, आणि एकदम "काळे दगड! काळे दगड!" असं ओरडत जीपकडे पळत सुटले. अबोल मित्र त्यांच्या मागे.

"ये तुम्हारी लड़की है?" समारोबाईने विचारलं. "क्या करती है?"

बाबांनी चष्मा काढला नाही. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"नक्शा बनाना सीखने जा रही है," ते म्हणाले. "हैदराबाद."

हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. एका अनोळखी अंगणात, वाळत घातलेल्या मोहाशेजारी उभं राहून, ते आधी तिला सांगत होते. जीपचा हॉर्न वाजत होता, अभय माझ्या नावाने हाका मारत होता. पाचवा डबा त्यांना कसा सापडला हे मला नंतर तिघांनी तीन प्रकारे सांगितलं. माझ्या डोक्यात त्यातलं काही शिरलं नाही.

समारोबाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग मान हलवली.

"अच्छा है," ती म्हणाली. "ये पूछ के बनाएगी."

मला खूप काही बोलायचं होतं, माफी मागायची होती, वचन द्यायचं होतं. पण हिंदी आठवेना. मी नुसतं म्हणाले, "हौ."